नावाआधी रक्तगट

मला बघायला सोलापूरहून पाहुणे आले तेव्हा आमच्या तातांनी त्यांना पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी रक्तगट विचारला. मुलाचे वडील हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मग काकाला विचारून झालं, आत्याला विचारून झालं, तरी कुणाला सांगता येईना, तेव्हा ताता अंगणात गेले आणि गाडीच्या ड्रायव्हरला विचारून आले. तो ए पॉझिटिव्ह होता. "ह्या सगळ्यात ड्रायव्हर तेवढा शिकलेला दिसतो," असं ते बैठकीत येऊन म्हणाले. माझ्या आईनं आत कपाळाला हात लावला. तरीसुद्धा लग्न जमलं ही माझ्या सासरच्यांची मेहेरबानी. पण जमलं ते तीन आठवड्यांनी, सगळ्यांचे रिपोर्ट ढोकीला पोचल्यावर.

ताता म्हणजे तेलुगूत आजोबा. आमचं घर मूळचं आंध्रातलं, पार समुद्राकडचं. ढोकीच्या कारखान्याला पॅनमन पाहिजे म्हणून ताता तिकडून आले. पॅनमन म्हणजे उसाचा रस आटत असताना काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन साखरेनं दाणा धरलाय का ते डोळ्यानं ठरवणारा माणूस. एका हंगामासाठी आले होते. पहिल्याच आठवडी बाजारात त्यांना अंबाडीची जुडी दिसली. अंबाडी आम्हा आंध्राच्या लोकांचा जीव की प्राण. 'इथं पण ही मिळते' एवढंच पत्र त्यांनी गावी लिहिलं, नानम्माला, म्हणजे माझ्या आजीला, बोलावून घेतलं आणि राहिले ते राहिलेच. माणसं कशाकशासाठी देश सोडतात. आमच्या घराण्यानं भाजीसाठी सोडला असं मी वर्गात पोरांना सांगते. मी शिक्षिका आहे, आणि माझा स्वभाव फटकळ आहे. तो तातांवर गेलाय.

मराठी ते झकास बोलायचे, फक्त त्यांच्या मराठीत बायका नव्हत्या. सगळे पुरुषच. "नानम्मा कुठं गेला?" "सरपंचाचा बायको आला होता." सुरुवातीला लोक हसले असतील. माझ्या लहानपणापर्यंत सगळ्यांना सवय झाली होती, आणि शेजारच्या शकीलाचाची तर तातांशी बोलताना स्वतःच 'मी आलो, मी जातो' म्हणायच्या.

रक्ताचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते माझ्या वडिलांच्या जन्माच्या वेळी. ढोकीत येऊन दुसरंच वर्ष. नानम्माचं बाळंतपण अडलं, रक्त फार गेलं, डॉक्टरनं सांगितलं, नातेवाईक आणा. नातेवाईक कुठून आणणार? ते सगळे दोन दिवसांच्या रेल्वेवर. ताता दवाखान्याच्या दारात उभे राहिले आणि त्यांना मराठीचे जेवढे शब्द येत होते तेवढे सगळे बोलून पाहिले. एक बौद्धवाड्यातले गवंडी आणि एक शिंपी चाचा, दोघं कसलीही ओळख नसताना आत जाऊन झोपले. ताता त्यांना धन्यवाद म्हणायला गेले तर तो शब्दच त्यांना माहीत नव्हता. म्हणून त्यांनी दोघांना दोन किलो साखर दिली. नानम्मा पुढं आयुष्यभर ज्वारीची भाकरी आवडीनं खायची आणि म्हणायची, "मी निम्मी ढोकीचीच आहे, तुम्ही एकटे परके."

त्यानंतर तातांनी एकच काम हातात घेतलं. गावातल्या प्रत्येकाचा रक्तगट माहीत करून घ्यायचा आणि लागेल तेव्हा त्या माणसाला हाताला धरून न्यायचं. त्यांच्या लेखी माणसाला आधी गट असायचा, मग नाव, मग जात, आणि जातीपर्यंत ते बहुतेक वेळा पोचायचेच नाहीत. हाका पण तशाच. "ए पॉझिटिव्ह, चहा प्या." "ओ पॉझिटिव्ह, तुमचा म्हैस सुटला बघा." बी पॉझिटिव्ह माणसाबद्दल त्यांना विशेष काही वाटायचं नाही. "तो पोत्यानं मिळतो," म्हणायचे. सगळ्यात राग एबी पॉझिटिव्हवर. ह्या गटाला कुणाचंही रक्त चालतं, पण ह्याचं रक्त चालतं फक्त ह्याच्यासारख्यालाच. "नुसता घेणारा गट," असं ते तोंड वाकडं करून सांगायचे. आता गंमत बघा, ताता स्वतः एबी पॉझिटिव्ह. सगळ्या जगाला द्यायला निघालेला माणूस, आणि त्याचं रक्त शंभरात जेमतेम सात-आठ जणांच्या कामाचं. तरी दर तीन महिन्यांनी धाराशिवला जाऊन देऊन यायचे आणि तिथल्या बाईला दरवेळी विचारायचे, "मागचा लागला का कुणाला?"

त्यांच्याबरोबर कुठं जायची मला लाज वाटायची, खरं सांगते. एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला ते म्हणायचे, "ताई, डोळ्याच्या खालचा कातडी जरा ओढून दाखवा." बाई घाबरायची. हे म्हणायचे, "पांढरा आहे. पालक खावा, शेंगदाणा-गूळ खावा, चहा कमी करा." तेरला कुणाच्या तरी लग्नाला गेलो तर अक्षता पडायच्या आत ह्यांनी नवरीच्या बापाला कोपऱ्यात घेतलेलं असायचं. मुलगी निगेटिव्ह आणि मुलगा पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या बाळंतपणानंतर एक इंजेक्शन लागतं, ते विसरू नका, हे सांगायला. लग्नात बाळंतपणाच्या गोष्टी. लोक चिडायचे. पण वर्ष-दीड वर्षानं त्यांच्याच घरून फोन यायचा, "ताता, त्या इंजेक्शनचं नाव काय म्हणालात?" ताता नाव सांगायचे नाहीत. स्वतः सोलापूरहून बर्फात घालून आणून द्यायचे.

आता बळीरामबद्दल सांगते, नाहीतर ताता कळणारच नाहीत.

बळीराम आमच्या गल्लीच्या टोकाला राहायचा. कारखान्यात हंगामी कामगार. हंगाम सुरू असताना कामचुकार, आणि हंगाम संपला की पूर्ण वेळ पत्ते. संध्याकाळी थोडी घ्यायचा. गावात त्याला कुणी विचारलं नसतं. पण एका वर्षी कारखान्यावर रक्तगट तपासणीचं शिबिर झालं, प्रत्येक कामगाराच्या बोटाला सुई टोचून गटाचं कार्ड दिलं, वर एक स्टीलचा जेवणाचा डबा भेट दिला, आणि बळीरामचं कार्ड निघालं ओ निगेटिव्ह. हा गट कुणालाही चालतो आणि सापडत कुणाकडेच नाही. ताता ते कार्ड बघून जागच्या जागी खाली बसले.

त्याच आठवड्यात तातांनी आमच्या घरातल्या सगळ्यांची बोटं टोचून आणली होती. मी तेव्हा पहिलीत. मी पण ओ निगेटिव्ह निघाले. ह्या गटाला फक्त ह्याच गटाचं रक्त चालतं, आणि घरात दुसरं कुणीच तसं नव्हतं. भाऊबंद म्हणावेत तर ते समुद्राकाठी. मला तेव्हा काही कळलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ताता सकाळी एक वाटी खजूर घेऊन बळीरामच्या दारात उभे राहायला लागले.

ते बावीस वर्षं चाललं. गावात आणखी दोन ओ निगेटिव्ह होते, एक शाळेतले गुरुजी आणि एक किराणावाल्या आजी. कुणाला लागलं तर ताता त्यांना न्यायचे. बळीरामला कधीच नाही. "हा राखीव आहे," असं त्यांनी जाहीर करून टाकलं. गावानं त्याचं नावच राखीव पाडलं. राखीवला पुण्याला वॉचमनची नोकरी लागत होती, तातांनी जाऊ दिलं नाही. तो दारूच्या दुकानात शिरला की ताता दारात उभे राहून शांतपणे म्हणायचे, "ओ निगेटिव्ह, बाहेर या." सगळं दुकान त्याच्याकडं बघायचं, आणि तो बाहेर यायचा. पाच-सात वर्षांनी तो जायचाच बंद झाला. पंगतीत जिलबी तीनदा मागून घ्यायचा आणि वाढप्यानं डोळे वटारले की म्हणायचा, "मला खावंच लागतंय बाबा. हे रक्त काय माझं एकट्याचं हाय व्हय? गावाचं हाय." लोक त्याला जिलबी वाढायचे. गावाला तो हळूहळू खराच मोलाचा वाटायला लागला होता, आणि त्यालाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी ढोकीला आले. आठव्या महिन्यात कळलं की वार खाली आलीय, ऑपरेशन करावं लागेल आणि रक्त जास्त जाऊ शकतं. धाराशिवच्या डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं, "ह्या गटाच्या दोन पिशव्या हातात असल्याशिवाय मी सुरुवात करणार नाही." रक्तपेढीत एकच होती. वडील घाबरले. ताता मात्र असे खूश, जणू डॉक्टरीणबाईंनी त्यांना काही बक्षीस दिलंय. गुरुजींची बदली होऊन ते लांब गेले होते, आजींना वय आणि साखर दोन्ही झाली होती. तातांना त्याची फिकीर नव्हती. "माझा माणूस तयार आहे," म्हणाले, "आज नाही, बावीस वर्षांपासून तयार आहे."

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी राखीव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला. बायकोनं त्याला औक्षण करून पाठवलं होतं, आणि ती स्वतः पण बरोबर आली होती. मी वॉर्डात पडून होते, त्यामुळं पुढचं मी वडिलांकडून ऐकलं, आणि वडील फार कमी बोलतात म्हणून राखीवच्या बायकोकडूनही ऐकलं.

दहाच्या सुमाराला रक्तपेढीतला पोरगेलासा तंत्रज्ञ सुई घेऊन आला. म्हणाला, "आधी बोटावर गट तपासतो." राखीवनं हात मागं घेतला. पोरगा म्हणाला, "काका, मुंगी चावल्यागत हाय." राखीव उठला, आणि सरळ तातांच्या पायावर पडला.

"ताता, म्या कधी बोट दिलंच न्हाय."

"म्हणजे?"

"शिबिराच्या दिशी मला सुईचं भ्या वाटलं. हिला तर डबा पाहिजे होता. हिचा भाऊ तेरहून आलता, त्यो म्हणला, आणा तुमची चिठ्ठी, मी टोचून घेतो. त्यानं माझ्या नावावर बोट दिलं. डबा मिळाला. कार्ड पण त्याचंच हाय, ताता. माझं न्हाय."

ताता म्हणाले, "बावीस वर्षं तुला ठावा होता?"

"पहिल्या दिशी सांगणार होतो. तुमी खजूर घेऊन आला. दुसऱ्या दिशी पण आला. मग कसं सांगावं?" राखीव रडायला लागला. "मला कुणी कदी असं जपलं नव्हतं ओ."

वडील म्हणतात, तातांनी पाय सोडवून घेतले. बाकावर बसले आणि भिंतीकडं बघत राहिले. माझ्या नवऱ्यानं सोलापूरच्या सगळ्या रक्तपेढ्या पालथ्या घातल्या होत्या, त्याचा फोन आला की संध्याकाळपर्यंत काही खात्री नाही. डॉक्टरीणबाई दोनदा विचारून गेल्या. मला इकडं पोटात बारीक कळा सुरू झाल्या होत्या आणि कळा वाढल्या तर थांबता येणार नव्हतं. मी नर्सला विचारत होते, ताता कुठं आहेत, आणि ती म्हणत होती, येतील हं.

राखीवच्या बायकोनं भावाला फोन लावला. तो रानात, फोन घरात. आणि इथंच खरी मेख होती. राखीव आणि त्याचा हा मेहुणा सहा वर्षं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. मेहुण्याच्या मुलीच्या लग्नात राखीवला, म्हणजे सख्ख्या दाजीला, फेटा दुसऱ्या क्रमांकानं बांधला होता. त्यावरून हा न जेवता मांडवातून उठून आला होता आणि चार लोकांत शपथ घेतली होती की त्या माणसाच्या बांधावर पाय ठेवणार नाही. जावयाच्या फेट्यावरून आमच्याकडं घरं दुभंगतात, ह्यात नवल काही नाही.

राखीवनं डोळे पुसले, माझ्या वडिलांच्या हातातून मोटरसायकलची किल्ली घेतली आणि गेला.

तेरच्या नदीकाठच्या रानात मेहुणा उसाला पाणी देत होता. पुढचं त्या मेहुण्यानंच मला सांगितलं, आणि अजूनही कुणी भेटलं की सांगतो. दाजी बांधावरून धावत येताना दिसले तेव्हा त्याला वाटलं, बहीण गेली. दाजीनं चिखलातच हात जोडले आणि एका दमात सगळं सांगितलं: डबा, कार्ड, खजूर, पोरगी. मेहुण्यानं ऐकून घेतलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "म्हणजे बावीस वर्षं खजूर तुम्ही खायचा, अन् सुई मी टोचून घ्यायची व्हय, दाजी?"

दाजी म्हणाला, "व्हय. आता चल."

"फेट्याचं काय?"

"तुझा फेटा गेला खड्ड्यात. चुकलं माझं. चल."

मेहुणा तसाच, चिखलाच्या पायांनी, पाण्याची मोटर चालू ठेवून गाडीवर मागं बसला. निम्मा ऊस त्या दिवशी पाण्यात गेला म्हणतो. त्यातलं थोडं खरं धरायला हरकत नाही.

पावणेबाराला रक्तपेढीत त्याचं बोट टोचलं. ओ निगेटिव्ह. त्याला स्वतःलाही हे आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. तंत्रज्ञानं हिमोग्लोबिन बघून मान डोलावली, आणि तो पाय धुऊन आत जाऊन झोपला. तपासण्या होऊन पिशवी तयार व्हायला दोन वाजले. अडीचला मला आत नेलं. दोन्ही पिशव्या लागल्या. दुसरी नसती तर काय झालं असतं हे डॉक्टरीणबाईंनी मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलगी झाली.

इकडं बाहेर सगळ्यांना वाटत होतं की आता ताता राखीवला फाडून खाणार. ताता बाकावरून उठले, त्याच्या मनगटाला धरून त्याला खिडकीपाशी नेलं आणि तंत्रज्ञाला म्हणाले, "ह्याचा बोट घ्या. माझ्यासमोर." राखीवनं डोळे गच्च मिटले. सुई टोचून झाली तरी मिटलेलेच. गट निघाला बी पॉझिटिव्ह.

राखीवचा चेहराच उतरला. म्हणाला, "म्हणजे पोत्यानं मिळणारा."

ताता म्हणाले, "हिमोग्लोबिन किती?"

"चौदाच्या वर हाय," तंत्रज्ञ म्हणाला.

"असणारच. खजूर मी खारकेच्या व्यापाऱ्याकडून निवडून आणत होतो." आणि त्यांनी राखीवला तिथंच आडवं केलं. वरच्या मजल्यावर अपघातातला कुणी बी पॉझिटिव्ह होता, त्याच्यासाठी. राखीवनं संपूर्ण वेळ तातांचा हात सोडला नाही. लगेचच विचारलं, "झालं का?" ताता म्हणाले, "अजून टेप चिकटवतात, गप पडा." त्यानंतर राखीव दर तीन महिन्यांनी जातो. डोळे अजून मिटतो. त्याचं नाव मात्र गावानं बदललं नाही.

ताता गेल्याला आता वर्ष होईल. लोक आमच्याकडं येतात आणि त्यांच्या गोष्टी सांगतात, बऱ्याचशा मलाही नवीन असतात. सगळ्या गोष्टींत ते हसत असतात, आणि ते खरंही आहे, कारण मी त्यांना हताश असं कधी पाहिलं नाही. फक्त एकदा मी त्यांना त्याबद्दल विचारलं होतं.

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी. ते माझ्या उशाशी बसून बाळाच्या तळपायाकडं बघत होते, पाय पुरेसे गुलाबी आहेत का म्हणून. बाळाचा गट त्यांनी जन्मल्याबरोबर विचारून घेतला होता, मला लागणारं ते इंजेक्शन पण टोचून झालं होतं. मी म्हटलं, "ताता, त्या दिवशी बाकावर बसून तुम्ही काय करत होता? बाबा म्हणाले, तुम्ही एक शब्द बोलला नाही."

त्यांनी बाळाचा पाय दुपट्यात झाकला. मग म्हणाले, "गावाकडचा विचार करत होतो. समुद्राकडचा. तिथं माझा तीन भाऊ होता, त्यांचा पोरं, त्यांचा नातवंडं. एखादा तरी निगेटिव्ह असणार. मी तुला कुठं आणून ठेवला, असा वाटला. इथं आपला कोणी नाही, असा वाटला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा वाटला."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांचा हात धरला आणि विचारलं, "किती वेळ वाटलं असं?"

तातांनी नीट आठवून सांगितलं, "दहापासून पावणेबारापर्यंत."